पावणेचार एकरांसाठी जुना ट्रॅक्टर घेताना

प्रश्न : बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात आमची पावणेचार एकर जमीन आहे. त्यात दोन एकर भाताची लहान-लहान खाचरे आहेत, एक एकर ऊस आहे आणि राहिलेल्या माळावर आम्ही रताळी करतो. यजमान गोव्यात नोकरीला असतात, त्यामुळे शेतीचे सगळे मी आणि माझा वीस वर्षांचा मुलगा बघतो. बैलजोडी गेल्या वर्षी विकली. भाड्याचा ट्रॅक्टर तासाला एक हजार रुपये घेतो, आणि ऐन चिखलाच्या दिवसांत तो वेळेवर मिळत नाही. जवळ दोन लाख रुपये आहेत, आणखी एक लाख सोसायटीतून किंवा बचत गटातून उभे करता येतील. दिरांनी गडहिंग्लज भागातला 2009 सालचा, 45 एचपीचा, महाराष्ट्र पासिंगचा ट्रॅक्टर सुचवला आहे; किंमत 2 लाख 60 हजार. शेजारच्या गावात 2014 सालचा, 30 एचपीचा, केए-22, म्हणजे बेळगावच्या नंबरचा एक आहे, त्याचे 2 लाख 90 हजार सांगतात, पण त्यावर बँकेचे थोडे कर्ज शिल्लक आहे असे कळते. दीर म्हणतात, घ्यायचाच तर मोठा घ्यावा, उसाची ट्रॉलीही ओढेल. पहिल्या ट्रॅक्टरचा एजंट दहा हजार इसार मागतो आहे. काय करावे?
— एक वाचक भगिनी, ता. खानापूर

उत्तर :

ताई, आधी एवढे करा की दहा हजारांचा इसार सध्या देऊ नका. उद्या दुसरे गिऱ्हाईक येणार आहे असे सांगून घाई करणारा एजंट ही घाई प्रत्येकापुढे करतो. कागद डोळ्यांखालून गेले, मेस्त्रीने यंत्र पाहिले आणि किंमत ठरली की मग इसार द्यावा, आणि तोही आरसी बुकावर ज्याचे नाव आहे त्या मालकाच्या हातात, लेखी पावती घेऊन द्यावा.

आता ट्रॅक्टर घ्यावा की नाही, हा हिशेब तुमच्या पत्रातल्या आकड्यांवरच मांडून पाहू. पावणेचार एकरांतली नांगरट, चिखल, कुळवणी आणि रताळ्याचे वरंबे असे सगळे धरले तरी ट्रॅक्टरचे काम वर्षाकाठी चाळीस ते पंचेचाळीस तासांच्या पुढे जाणार नाही. तासाला हजाराने भाड्याचे 45 हजार होतात. स्वतःचा 30 एचपीचा ट्रॅक्टर असला तर तासाला सरासरी तीन लिटर आणि लिटरला नव्वदच्या आसपास धरून डिझेलचे बारा हजार. विमा, तेल, फिल्टर, टायरांची झीज आणि किरकोळ दुरुस्ती यांसाठी निदान वीस हजार. आणि बचत गटाच्या एक लाखावर शेकडा बाराने व्याज धरले तर आणखी बारा हजार. बेरीज 44 हजारांवर जाते, आणि त्यात तुमच्या स्वतःच्या दोन लाखांचे व्याज मी धरलेलेच नाही. म्हणजे भाडे वाचेल या आशेने हा ट्रॅक्टर घेण्यात काही अर्थ नाही. तरीही मी तो घेऊ नका असे म्हणणार नाही, कारण तुमची खरी अडचण दुसरी आहे. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात रोपाचे वय होऊन गेले, खाचरात पाणी उभे आहे आणि ट्रॅक्टर दुसऱ्याच्या शेतात अडकला आहे, असे आठ-दहा दिवस गेले की त्याचा फटका थेट उताऱ्यात बसतो. हा फटका टाळण्यासाठी ट्रॅक्टर घ्यायचा असेल तर तो जरूर घ्यावा. मात्र मग त्या कामाला जेवढा पुरेल तेवढाच घ्यावा, त्याहून मोठा नको.

येथे दिरांच्या म्हणण्याचा विचार करावा लागतो. मोठा ट्रॅक्टर सर्व कामे करतो हे त्यांचे म्हणणे रस्त्यावर आणि काळ्या रानात खरे आहे, पण तुमच्या खाचरांत ते लागू पडत नाही. 45 एचपीच्या ट्रॅक्टरचे वजन अवजाराशिवायच दोन टनांच्या घरात जाते. दहा-बारा गुंठ्यांच्या खाचरात त्याला वळायला जागा पुरत नाही, प्रत्येक वळणाला बांध तुटतो, आणि चिखलाखालचा जो कठीण थर पाणी धरून ठेवतो तो एकदा अशा वजनाखाली फुटला की पुढे दरवर्षी त्याच जागी चाक रुतते आणि पाणीही जिरून जाते. त्यातच असे यंत्र जड कामात तासाला चार-पाच लिटर डिझेल सहज पिते. तुमच्या कामाला 25 ते 35 एचपी पुरेसे आहे. चार फुटी रोटावेटर 30 ते 35 एचपीचा ट्रॅक्टर बिनतक्रार चालवतो, आणि सात दाती कल्टिव्हेटरलाही एवढी ताकद पुरते. उसाच्या लागणीसाठी खोल पलटी नांगराचे काम असते ते दोन-तीन वर्षांतून एकदा, खोडवे काढल्यावर. त्यासाठी मोठा ट्रॅक्टर भाड्याने आणावा किंवा अवजारे भाड्याने देणाऱ्या सरकारच्या कृषी यंत्रधारे केंद्रात चौकशी करावी. ते काम उन्हाळ्यातले असल्याने तेव्हा चार दिवस मागे-पुढे झाले तरी चालते.

पॉवर टिलर किंवा 20 एचपीच्या आतला मिनी ट्रॅक्टर घ्यावा का, असेही काही जण तुम्हाला सुचवतील. टिलर खाचरात उत्तम चालतो, पण त्याच्या मागे दिवसभर चिखलातून चालणे हे कष्टाचे काम आहे आणि तो सगळा भार तुमच्या एकट्या मुलावर येईल. मिनी ट्रॅक्टर चारही चाके ओढणारा मिळाला तर चिखलात तो फार सरस ठरतो. मात्र असे जुने मिनी ट्रॅक्टर बाजारात कमी येतात आणि आले तर त्यांची किंमत फारशी उतरलेली नसते. तुमच्या पैशांत तसा एखादा सापडला तर तो जरूर पाहा, पण त्याची वाट पाहत पावसाळा तोंडावर आणू नका.

आता पहिल्या ट्रॅक्टरविषयी. आपल्या सीमाभागात जुना ट्रॅक्टर पाहताना तो कोणत्या सालचा आहे याआधी त्याने आजवर काय ओढले आहे हे विचारावे. निपाणी, चिकोडी, हुक्केरी, रायबाग आणि पलीकडे कागल, गडहिंग्लज हा सगळा साखर कारखान्यांचा पट्टा आहे. इथले कितीतरी ट्रॅक्टर गाळपाच्या हंगामात रात्रंदिवस दोन-दोन ट्रॉल्या उसाने भरून ओढतात, आणि हंगाम संपला की उन्हाळ्यात त्यांतले थकलेले रंग लावून विक्रीला उभे राहतात. शेतात दहा वर्षे चाललेला आणि उसाच्या वाहतुकीत चार हंगाम काढलेला, असे दोन ट्रॅक्टर शेजारी उभे केले तर बाहेरून दुसराच नवा दिसेल, पण क्लच, गिअर बॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल यांची झीज त्याचीच जास्त झालेली असते. 45 एचपीचा, गडहिंग्लज भागातला आणि या किमतीला सांगितलेला ट्रॅक्टर उसाला लागलेला असण्याची शक्यता मी बरीच धरतो.

हे विक्रेत्याला विचारून कळणार नाही. ते यंत्रावरूनच वाचावे लागते. ट्रॅक्टरच्या मागे जाऊन ड्रॉबारचे, म्हणजे ट्रॉलीची पिन घालतात त्या पट्टीचे, भोक बघा. ते गोल राहिले असेल तर ठीक. ते लांबट, अंड्यासारखे झाले असेल किंवा भोवती वेल्डिंगने भर घालून पुन्हा पाडलेले असेल तर त्या पट्टीने वर्षानुवर्षे जड ट्रॉल्यांचे हिसके खाल्ले आहेत असे समजावे. मग मागच्या टायरांकडे बघा. शेतात चाललेल्या टायरच्या नक्ष्या झिजल्या तरी त्यांच्या कडा बऱ्याच अंशी शाबूत असतात. डांबरावर धावलेल्या टायरच्या नक्ष्या मधोमध घासून गुळगुळीत होतात. टायर नवे असतील तर पुढची चाके बघा, किंग पिन आणि बुश बघा : चाक हातांनी वर-खाली आणि आत-बाहेर हलवले तर खटखट जाणवते का, स्टिअरिंग वळवल्यावर चाक वळण्याआधी किती प्ले आहे. शेवटी इंजिन आणि गिअर बॉक्स जिथे जोडले जातात तिथले बिडाचे हाउसिंग दोन्ही बाजूंनी, खाली वाकून, ओल्या फडक्याने पुसून बघा. तिथे वेल्डिंगची रेघ दिसली तर किंमत कितीही उतरवली तरी तो ट्रॅक्टर घेऊ नये.

रंगाबद्दलही सांगायला हवे. नवा रंग हा काही दोष नाही, पण रबरी होज पाइपवर, नटांच्या खाचांत आणि नंबर ठोकलेल्या पट्टीवर रंगाचे शिंतोडे असतील तर तो रंग विक्रीसाठी घाईने मारलेला आहे. तासांच्या मीटरवर विसंबू नये, कारण मीटर बदलता येते. क्लच आणि ब्रेकच्या पेडलांची झीज, सीटखालच्या पत्र्याची अवस्था आणि गिअरच्या दांड्याची ढिलाई यांवरून खरे वय जास्त कळते. पेडलांची लोखंडी टोके घासून चकचकीत झाली आहेत आणि मीटर मात्र दीड हजार तास दाखवते आहे, असे दिसले तर काय समजायचे ते समजावे.

ट्रॅक्टर बघायला जाताना सकाळी लवकर जा आणि वेळ आधी कळवू नका. पोहोचल्यावर प्रथम इंजिनच्या ब्लॉकला हात लावा. ते कोमट असेल तर तुम्ही येण्याआधी कोणीतरी ते सुरू करून ठेवले आहे आणि थंड इंजिन सुरू होण्यास किती त्रास देते हे तुमच्यापासून लपवले जात आहे. अशा वेळी चहा घ्या, गप्पा मारा, पण ते पूर्ण थंड होईपर्यंत थांबा. थंड असतानाच रेडिएटरचे झाकण उघडून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का ते बघा आणि तेलाची पट्टी काढून तेल दुधी झाले आहे का ते बघा. दोन्हींपैकी एक जरी दिसले तरी तेल-पाणी कुठेतरी एकत्र होत आहे. सुरू करताना निघणारा थोडा पांढरा धूर लगेच गेला तर चिंता नाही. तो जातच नसेल तर कॉम्प्रेशन किंवा नोझलमध्ये दोष असू शकतो. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळते आहे, अर्थात पिस्टन-लायनरचे काम जवळ आले आहे. भार पडताच येणारा काळा धूर बहुधा पंप-नोझल किंवा चोंदलेल्या एअर क्लीनरचा असतो आणि तो तुलनेने स्वस्तात सुटतो. इंजिन अर्धा तास चांगले तापल्यावर तेल भरायचे झाकण सैल करून बघा. तिथून धूर भकाभक बाहेर पडत असेल तर इंजिन आतून झिजले आहे, हे मेस्त्रीने वेगळे सांगावे लागणार नाही.

लिफ्टची परीक्षा घरी परतण्यापूर्वी जरूर करावी, कारण गिऱ्हाइके इंजिन ऐकून खूश होतात आणि हायड्रोलिककडे बघत नाहीत. मागे कल्टिव्हेटर किंवा नांगर लावायला सांगा, तो पूर्ण वर उचलून इंजिन बंद करा आणि दहा मिनिटे थांबा. अवजार हळूहळू खाली बसत गेले तर आतील सील किंवा व्हॉल्व्ह गेले आहेत. तापलेल्या तेलावर ही परीक्षा पुन्हा एकदा करा. थंड तेलावर उचलणारी लिफ्ट तेल पातळ झाल्यावर हात टेकते, हा नेहमीचा अनुभव आहे. पीटीओ, म्हणजे रोटावेटर फिरवणारा मागचा दांडा, सुरू करून आवाज ऐका, आणि ट्रॅक्टरला एकच क्लच आहे की दुहेरी, हे विचारा. एकेरी क्लचवर रोटावेटर चालवताना गिअर बदलण्यासाठी पेडल दाबले की रोटावेटरही थांबतो. चिखलात हे त्रासदायक असले तरी त्यावर काम भागते, त्यामुळे तेवढ्यासाठी चांगला ट्रॅक्टर सोडू नये.

तुमच्याकडे हे यंत्र चिखलात उतरणार असल्यामुळे दोन गोष्टी इतरांपेक्षा तुम्ही जास्त बारकाईने बघाव्यात. मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला, अ‍ॅक्सल जिथून बाहेर येतो तिथे, तेलाचा ओलावा आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसते का ते बघा. ऑइल सील गेलेले असेल तर तिथूनच चिखलाचे पाणी आत जाते आणि एका पावसाळ्यात बेअरिंग खाते. दुसरे म्हणजे ब्रेक. तेलात बुडालेले ब्रेक असतील तर चिखलाच्या कामाला ते जास्त बरे. कोरडे ब्रेक असतील तर चिखल आणि पाणी आत जाऊन ते घसरतात आणि दर हंगामानंतर खोलून साफ करावे लागतात. टायरांत वजनासाठी पाणी भरलेले असेल तर रिमच्या व्हॉल्व्हभोवतीचा गंजही बघून घ्या.

कोणत्या कंपनीचा घ्यावा हे तुम्ही विचारलेले नाही, तरी थोडक्यात सांगतो. महिंद्रा 265, स्वराज 724 किंवा 735, मॅसी फर्ग्युसन 1035 असे साधे, मेकॅनिकल पंपाचे ट्रॅक्टर आपल्या भागातला कोणताही मेस्त्री डोळे मिटून खोलतो आणि त्यांचे सुटे भाग बेळगावात सहज मिळतात. हवेवर थंड होणारे, एका सिलिंडरचे जुने आयशर 242 स्वस्तात मिळते आणि त्याला रेडिएटरची कटकटही नसते, फक्त त्याचा थरथराट सोसावा लागतो. एचएमटीचे ट्रॅक्टर दणकट होते यात शंका नाही, पण सरकारने 2016 मध्ये तो ट्रॅक्टर विभागच बंद करण्याचा निर्णय घेतला, त्यामुळे पहिला ट्रॅक्टर म्हणून ते घेऊ नये. मुख्य म्हणजे तुमच्या गावापासून दहा किलोमीटरच्या आत ज्या बनावटीचे तीन-चार ट्रॅक्टर रोज चालतात तीच बनावट तुमच्यासाठी चांगली.

आता कागद. सीमाभागातल्या खरेदीत यंत्रापेक्षा जास्त माणसे इथे अडकतात. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी पहिल्या तारखेपासून 15 वर्षे चालते आणि पुढे तपासणी करून घेऊन दर 5 वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. याचा अर्थ 2009 च्या ट्रॅक्टरची मुदत 2024 मध्येच संपली. मालकाने नूतनीकरण केले आहे का, हे आरसी बुकावर बघा. केले नसेल तर ते त्याने स्वतःच्या खर्चाने करून दिल्याशिवाय पुढचे बोलणे करू नका, कारण मुदत संपलेल्या नोंदणीवर पुढचे सगळे कागद अडतात. त्यानंतर महाराष्ट्राच्या आरटीओकडून नमुना 28 वरील एनओसी, नावावर करण्यासाठी नमुना 29 व 30, आणि बेळगाव आरटीओत कर्नाटकाचा नवा नंबर घेण्यासाठी नमुना 27, अशी ही साखळी आहे. कर्नाटकातला कर किती भरावा लागेल हे बेळगावात आधीच विचारून घ्या आणि तो आकडा किमतीत मिळवा. "एमएच नंबरवरच चालवा, कोण विचारतो?" असे एजंट हमखास सांगेल. दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवलेल्या वाहनाला तिथला नंबर घेणे मोटार वाहन कायद्याने सक्तीचे आहे, आणि ट्रॅक्टर जुन्या मालकाच्या नावावर असताना अपघात झाला तर विम्याचा घोळ तुम्हा दोघांच्याही गळ्यात येतो. खरेदी झाल्यावर घेणाऱ्याने 30 दिवसांत आपल्या नावाची नोंद मागायची असते, आणि विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी विमा कंपनीकडे 14 दिवसांत अर्ज करायचा असतो.

दुसरा ट्रॅक्टर केए-22 चा असल्याने राज्य बदलण्याची ही कटकट त्याला नाही, आणि 2014 चा असल्याने त्याची पहिली नोंदणी 2029 पर्यंत चालेल. राहतो तो बँकेचा बोजा. तो आहे की नाही हे ऐकीव ठेवू नका. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर नंबर टाकून मुलगा पाच मिनिटांत कर्जाची नोंद, विम्याची तारीख आणि थकलेले ई-चलन बघू शकतो. बोजा असेल तर पैसे मालकाच्या हाती देऊन "तो भरेल" अशा विश्वासावर राहू नये. मालकाला बरोबर घेऊन बँकेत जा, शिल्लक रकमेचे पत्र घ्या, तेवढी रक्कम थेट त्या कर्जखात्यात भरा आणि राहिलेली रक्कम बँकेचे ना-हरकत पत्र व बोजा उतरवण्याचा सही-शिक्क्याचा नमुना 35 हाती आल्यावरच मालकाला द्या. इंजिन आणि चेसिसचे नंबर आरसी बुकाशी अक्षर-अक्षर ताडून बघा. ठोकलेल्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली की तो स्पष्ट उमटतो. कराराचा ई-स्टँप कन्नडमध्ये टाइप होऊन येईल. तो वाचता येत नसेल तर वाचता येणाऱ्या आपल्या माणसाकडून सही करण्यापूर्वी शब्दन् शब्द वाचून घ्या, आणि ट्रॅक्टर ताब्यात घेतल्याची तारीखच नव्हे तर वेळही त्यात लिहून घ्या, म्हणजे त्याआधीच्या कोणत्याही अपघाताची जबाबदारी तुमच्यावर येणार नाही.

हे सगळे पाहून माझे मत शेजारच्या गावातल्या 30 एचपीच्या ट्रॅक्टरकडे झुकते. तो कोणी चालवला, कुठे चालवला आणि कधी बिघडला हे त्या गावात चार माणसांना विचारून कळेल. गडहिंग्लजच्या ट्रॅक्टरबद्दल एवढी खात्रीची माहिती तुम्हाला कोण देणार? पण 2 लाख 90 हजारांना तो घेऊ नका. तुमच्याकडचे तीनच्या तीन लाख यंत्रात घातले तर पहिल्याच महिन्यात क्लच प्लेट किंवा बॅटरी मागितली की हातउसने काढावे लागतील. दुरुस्तीसाठी चाळीस हजार बाजूला ठेवायचे आणि जुना कल्टिव्हेटर व चिखलाची लोखंडी चाके यांनाही थोडे लागणार असे धरले तर तुमची मजल अडीच लाखांच्या आतच राहायला हवी. घासाघीस करताना एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे : 22 सप्टेंबर 2025 पासून नव्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे, म्हणजे पाच लाख मूळ किमतीच्या नव्या ट्रॅक्टरवर 35 हजारांचा फरक पडला, तर जुन्यांचे भावही त्याच प्रमाणात खाली यायला हवेत. विक्रेते मात्र अजून जुनेच भाव सांगतात. मृग तोंडावर आला की त्यांना ते मिळतातही, म्हणून हे बोलणे मे महिन्यापूर्वी संपवा.

कर्जासाठी बचत गटाच्या आधी पीकेपीएसच्या, म्हणजे गावच्या शेती सोसायटीच्या, सेक्रेटरींना भेटा. कर्नाटकात सहकारी संस्थांमार्फत शेतकऱ्यांना मध्यम व दीर्घ मुदतीचे कर्ज 3 टक्के व्याजाने देण्याची योजना आहे आणि 2023-24 च्या अर्थसंकल्पात तिची मर्यादा 10 लाखांवरून 15 लाखांवर नेली आहे. जुन्या ट्रॅक्टरसाठी तुमची संस्था ते देईल का, आणि पहाणीवर, म्हणजे जमिनीच्या सातबाऱ्यासारख्या कागदावर, बोजा चढवावा लागेल का, हे दोन्ही त्यांना स्पष्ट विचारा. मिळाले तर वर मांडलेल्या हिशेबातले बारा हजार तीन हजारांवर येतील.

मुलाने हलक्या वाहनाचा परवाना काढला आहे का, हे तुमच्या पत्रातून कळत नाही. नसेल तर ट्रॅक्टर दारात येण्यापूर्वी काढून घ्या. शेजाऱ्यांच्या खाचरांत भाड्याने चिखल करून दिला तर हप्ता सुटायला मदत होईल, पण शेतीसाठी नोंदवलेल्या ट्रॅक्टरने वाळू, विटा ओढल्या आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात झटकते. सौंदत्तीच्या यात्रेला ट्रॉलीत भाऊबंद भरून नेण्याची आपल्याकडची रीतही या बाबतीत तितकीच धोक्याची आहे, मग त्यात कोणाला कितीही वाईट वाटो.

शेवटी दिरांच्या उसाच्या ट्रॉलीबद्दल. एक एकर उसाची तोड आणि वाहतूक कारखान्याकडून येणारी टोळी करते, तेव्हा त्यासाठी तुम्हाला ना 45 एचपी लागणार ना दुहेरी ट्रॉली. शेणखत टाकायला आणि भाताचे भारे खळ्यावर आणायला एक लहान, एकेरी ट्रॉली पुरेल. ती पहिल्या वर्षाची सुगी हाती आल्यावर बघा. तोपर्यंत गावातलीच मागून आणा. घ्याल तेव्हा ट्रॉलीचीही नोंदणी स्वतंत्र असते हे ध्यानात ठेवून कागद असलेलीच घ्या.